नव्वीची जोडी

तीन भावंडांतली ती मधली, म्हणून घरात तिचं नाव मधलीच पडलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी नाव आहे म्हणे, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर तीच मागे वळून बघेल, कुणाला बोलावतायत म्हणून. मोठा तो दादा, शेंडेफळ ती धाकटी, आणि मधे ही. दादा हुशार, धाकटी देखणी. आणि ही? "ही ना, शहाणी आहे हो," असं आई पाहुण्यांना सांगायची. मुलीबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही की आया असंच काहीतरी सांगतात. पाहुणे मान हलवायचे आणि पुन्हा धाकटीकडे बघायचे.

मधलीचं दुकान जुन्या सोफ्यांचं आणि खुर्च्यांचं. म्हणजे विकायचं नाही, दुरुस्तीचं. लोकांच्या घरातला बसून बसून खड्डा पडलेला सोफा तिच्याकडे यायचा. ती त्याचं कापड उसवायची, आतला कुजका काथ्या काढून फेकायची, स्प्रिंगा सुतळीनं आवळून नव्यानं बांधायची, वर फोम घालायची आणि कापड ताणून ताणून खिळे ठोकायची. खिळे ठेवायला तिला डबी लागत नसे, मूठभर खिळे सरळ तोंडात. त्यामुळे दिवसभर तिच्याशी कुणी काही बोललं तरी उत्तर "ह्ं" आणि "ह्ंह्ं" एवढंच. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई घुमी आहे. घुमी कसली! खिळे बाहेर काढले की अर्धा तास ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागे. पण बाहेर काढायची वेळ कमी यायची, हे खरं. दुकानामागच्या खोलीत ती एकटी राहायची, आणि एकट्या माणसाला तोंडात खिळे असले काय नि नसले काय!

आता हिच्यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. आहे. ऐका.

त्यांचे बाबा बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर, आणि मग एक दिवस अचानक दारात उभे. खांद्यावर पिशवी, हाताला कांद्याचा वास, आणि घरात तीन पोरांचा नुसता दंगा. चारदोन आठवडे राहायचे नि पुन्हा जायचे. तेवढ्या दिवसांत बापाला किती बघून घेऊ आणि किती नको असं पोरांना व्हायचं.

भांडण व्हायचं ते एका खुर्चीवरून. स्वयंपाकघर होतं टीचभर. जेवणाचं टेबल कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेलं, बाबा कोपऱ्यात बसायचे आणि त्यांच्या शेजारी मावायची एकच खुर्ची. त्या खुर्चीवर जो बसेल त्याच्या ताटात बाबांच्या ताटातला घास यायचा, बोटीवरच्या गोष्टी त्याच्या कानाशी सांगितल्या जायच्या, आणि जेवण झाल्यावर बाबा बाजारात निघाले की तोच बरोबर. बाकीच्यांनी टेबलाच्या पलीकडे बसायचं. तर त्या खुर्चीपायी एकदा धाकटीनं दादाच्या दंडाला असं कचकचून चावलं की बाबांनी ताट बाजूला सारलं आणि पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला.

"ज्याच्याकडे शेवटी सगळी बटणं, त्याची आजची खुर्ची," ते म्हणाले. बटणं आईच्या शिवणाच्या डब्यातली. आणि खेळ कोणता? तर बोटीवर शिकलेला पोकर!

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, पोरांना काय शिकवताय?" पण त्या दिवसापासून चावाचावी थांबली, त्यामुळे तिनंही पुढे काही म्हटलं नाही. उलट बटणं कमी पडली तेव्हा तिनंच आणून दिली.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं, ती फक्त आपणच बघायची. मग मधे सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, मग एक, मग शेवटचं आणखी एक. हातातली दोन आणि मधली पाच यातून ज्याचं जुळेल ते जुळवायचं, आणि प्रत्येक टप्प्याला बटणं पुढे सरकवायची. दुसऱ्यानं सरकवली की तेवढी आपणही टाकायची, नाहीतर पानं पालथी घालून गप्प बसायचं. सोपा, पण माणसाचा स्वभाव पार उघडा पाडणारा.

बाबा म्हणायचे, "हातात एक्क्यांची जोडी आली तर गाढवसुद्धा खेळतं. दुर्रीची आली तर गाढवसुद्धा टाकून देतं. सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी मधली जोडी आली की माणसाची परीक्षा. मधली पानं उघडायच्या आधी नव्वीची जोडी केवढी थोरली वाटते! आणि मग मधे उघडतो राजा. आता समोरच्याच्या हातात एक जरी राजा असला तरी त्याची राजांची जोडी झाली की नाही? मग तुझ्या नव्व्या काय चाटायच्यात?"

"मग काय करायचं?" दादानं विचारलं होतं. दादा तेव्हापासूनच असा, सगळं नीट विचारून घेणारा.

"कढई तापलीय का ते कसं बघतात? पाण्याचा एक थेंब टाकायचा. कढई गप्प राहिली तर पुढे जा. चुरचुरली तर हात मागे. तसंच इथं. दोनच बटणं पुढे करायची. समोरचा गप्प बसला तर जोडी आपली चालते. त्यानं उलट वाढवलं तर समजायचं, त्याच्याकडे राजा आहे. हात मागे! एक थेंब टाकायचा, बादली ओतायची नाही."

दादाला हे एका बैठकीत पाठ झालं. धाकटीला ते कधीच कळलं नाही, तिला बटणांचे रंग आवडायचे आणि लाल बटणं जिंकण्यासाठी ती काहीही टाकायची. आणि मधली? मधली बादली ओतायची. जोडी हातात आली की तिला ती सोडवतच नसे. राजा येवो, एक्का येवो, "माझी जोडी आहे" म्हणून बटणं ओतत राहायची आणि शेवटी रिकाम्या हातानं टेबलापलीकडे जाऊन बसायची. बाबांच्या शेजारची खुर्ची तिला इतकी क्वचित मिळाली की जेव्हा मिळाली तेव्हा जेवण तिच्या घशाखाली उतरलं नाही.

मग ती शिकली. आणि शिकली ती अशी शिकली की सोय नाही! जिथे तिथे थेंबच टाकायला लागली.

मोठ्या रस्त्यावरचं एक दुकान रिकामं झालं होतं, चांगलं ऐसपैस, पुढे काच. मधलीनं मालकाला विचारलं. मालक म्हणाला, आणखी एकजण विचारून गेलाय. झालं, चुरचुरलं! हात मागे. तो दुसरा तर नंतर फिरकलाही नाही, दुकान कित्येक दिवस बंदच होतं. पण ही पुन्हा गेली नाही ती नाहीच. एक गृहस्थ होते, बांधकामावर फरशा बसवायचे. तेच ते स्टूल तीनदा दुरुस्तीला घेऊन आले. आता एवढं मजबूत स्टूल तीनदा कसं मोडेल, हे लहान पोराला कळलं असतं. मधलीनं तोंडातले खिळे काढून विचारलं, "चहा घेणार का?" ते गडबडून म्हणाले, "नको, घाईत आहे." बास. चौथ्यांदा ते आले तेव्हा हिनं खिळे बाहेरच काढले नाहीत. धाकटी अजून त्या स्टुलावरून तिला चिडवते. "अगं, दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर आज तुझ्या घरात फुकट फरशी असती!" मधली हसते. तिला हसूच येतं खरं, पण मागाहून थोडा वेळ तिचा हातोडा जोरात चालतो.

अशी वर्षं गेली. आई गेली. बाबा बोटीवरून कायमचे उतरले आणि जुन्या घरात एकटे राहू लागले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांचा गुडघा म्हणजे प्रत्येक पायरीला तक्रार करणारा. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, जिने बंद. आता कुणा एकाकडे जाऊन राहा.

इथं दुसऱ्या घरांतून काय ऐकू येतं ते तुम्हाला माहीत आहे. "तू ने", "तू ने", "माझ्याकडे जागा नाही". यांच्याकडे उलटंच. दादा म्हणाला, माझ्याकडे खाली मोकळी खोली आहे. धाकटी म्हणाली, माझ्या पोरांना आजोबा हवेत. मधली म्हणाली, माझ्याकडे एकसुद्धा पायरी नाही. फोनवर फोन, फोनवर फोन! धाकटीचं पार्लर, तिथं गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसलेलं आणि ही खांद्याला फोन लावून दादाशी भांडतेय. त्या बाईचे केस करायचे होते तपकिरी, झाले गाजरासारखे.

"तुम्हीच सांगा बाबा, कुणाकडे?" शेवटी तिघांनी विचारलं.

"मी एकाचं नाव घेणार आणि दोघं जन्मभर तोंड पाडून बसणार. मी नाही घेत," बाबा म्हणाले. "रविवारी पत्ते काढा."

खेळ ठरला मधलीच्या दुकानात, कारण तिथे पायरी नव्हती. कापड कापायचं मोठं टेबल तिनं झाडून पुसून ठेवलं. बटणं तिच्याकडचीच, सोफ्याच्या पाठीला लावतात ती कापड चढवलेली. आणि कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. धाकटीनं विचारलं, "ते काय गं?" तर मधली म्हणाली, "गिऱ्हाइकाचं."

गिऱ्हाइकाचं नव्हतं. चादरीखाली होती एक खुर्ची. मधलीनं ती बाबांसाठी केली होती आणि कुणाला बोलली नव्हती. गेले काही महिने बाबा दुकानात आले की ती म्हणायची, "जरा या खुर्चीवर बसून बघा हो, गिऱ्हाईक म्हणतंय टोचते." बाबा बसायचे, उठायचे. ही तोंडात खिळे धरून बघत राहायची, कुठल्या खुर्चीतून उठताना ते बाजूच्या हातांवर टेकतात आणि कुठल्यातून टेकत नाहीत. त्या अंदाजानं तिनं एका जुन्या दणकट खुर्चीची बैठक उंच केली, पुढची कड मऊ केली, हात रुंद केले. वर गडद निळं कापड चढवलं. रात्रीचं एकटीनं जेवताना ती त्या रिकाम्या खुर्चीशी चार शब्द बोलायलाही लागली होती. बाबा दादाकडे गेले तर त्या खुर्चीचं काय करायचं, याचा विचार तिनं मुद्दामच केला नव्हता.

बाबांनी पानं पिसली. हात म्हातारे झाले होते, पण पिसणं तेच, फर्रर्र! तिघंही क्षणभर तो आवाजच ऐकत राहिली.

धाकटी पहिली बाहेर गेली. जाणारच होती. गुलाम हातात बघून तिनं सगळी बटणं लोटली, दादानं राणी दाखवली. "शी! असा कसा बाई हा खेळ!" म्हणत ती उठली, नाक पुसलं, आणि रडता रडताच सगळ्यांना चहा टाकायला गेली. चहा घेऊन आली तेव्हा तिनं बजावलं, "कुणीही जिंका, शनिवारी माझी पोरं इथं नाहीतर तिथं मुक्कामाला. आधीच सांगून ठेवते."

उरले दादा आणि मधली.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादाची ड्रायव्हिंग स्कूल. रिकाम्या गल्लीत, चिटपाखरू नसताना, हा माणूस वळायच्या आधी सिग्नल देतो. पत्त्यांतही तसाच. पानं चांगली आली की आधीच सांगून टाकणार, "बघा हं, माझ्याकडे आहे. नंतर म्हणू नका." आणि खरंच असायचं! बहिणी निमूट पानं टाकायच्या. त्याला सरळ विचारलं, "दादा, राजा आहे?" तरी तो सरळ सांगायचा, "आहे, टाक पानं." बाबा डोक्याला हात लावायचे. "अरे, हा पोकर आहे का तिकीट तपासणी?" पण दादा बदलला नाही. लोकांना फसवायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात.

बराच वेळ बटणं इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोघांचे ढीग जवळजवळ सारखे, दादाचा नखभर कमी. चहा संपला. बाबांनी नवी पानं वाटली. मधलीनं आपली दोन पानं टोकाला धरून उचलली.

नव्वी आणि नव्वी.

दादानं बेतानं बटणं सरकवली, तिनंही तेवढी टाकली. बाबांनी मधे तीन पानं उघडली. छक्की. तिर्री. आणि राजा.

"आला का मेला!" धाकटी मागून पुटपुटली. बाबांनी तिच्याकडे डोळे वटारले.

मधलीनं थेंब टाकला. दोन बटणं, फक्त दोन. दादानं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं ओंजळभर बटणं उचलली आणि मधे ठेवली.

चुरचुरलं. हे नुसतं चुरचुरणं नव्हतं, कढई पेटली होती. मधलीचा हात आपोआप पानांकडे गेला, पालथी घालून टाकायला. इतक्या वर्षांची सवय! पानं अर्धी पुढे सरकलीसुद्धा होती. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की काहीतरी राहिलंय. कुणीतरी काहीतरी बोलायचं होतं ते बोललेलं नाही.

दादा "बघा हं" म्हणाला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "राजा आहे?"

"टेबलावर असं विचारायचं नसतं," बाबा म्हणाले.

"मी नेहमीच विचारते बाबा. आणि तो नेहमी सांगतो. दादा, राजा आहे का रे?"

दादा भिंतीवर टांगलेल्या मोठ्या कात्रीकडे बघत बसला. हो नाही, नाही नाही. त्याचे कान मात्र हळूहळू रंग बदलायला लागले.

मधलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थेंबाचा नियम तिला बाबांनी शिकवला होता, बरोबर. पण त्याच टेबलावर, त्याच दिवशी, तोच नियम दादालाही शिकवला होता! राजा उघडल्यावर मधली फक्त दोन बटणं टाकणार आणि वाढवलं की हात मागे घेणार, हे जगात कुणाला पक्कं माहीत असेल तर ते दादाला. त्याला राजा कशाला लागतोय? तिच्यासाठी नुसती ओंजळ पुरे. बाहेरच्या माणसासाठी चांगला असलेला नियम घरातल्या माणसापुढे काडीच्या कामाचा नव्हता, आणि इतकी वर्षं हे तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

पण दादा? दादा खोटं खेळेल? तिचाच विश्वास बसेना. आपण स्वतःला फसवतोय, जोडी सोडवत नाही म्हणून कारणं शोधतोय, हेही तिच्या मनात येऊन गेलं. लहानपणी असंच तर व्हायचं.

तिनं पानं मागे ओढली आणि दादाइतकी बटणं मधे टाकली. बाबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी चौथं पान उघडलं. राणी.

आता तर नव्वीच्या डोक्यावर राजा बसला आणि राणीही. दादानं समोरचा सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला. एक बटण घरंगळत खाली पडलं तर तो वाकून ते उचलायला लागला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तरी "बघा हं" नाहीच.

आता बटणं टाकली आणि हरली, तर तिच्याकडे जेमतेम दोन उरणार होती. म्हणजे बाबा दादाकडे गेलेच. मधलीनं कोपऱ्यातल्या चादरीकडे बघितलं. तिला ते काच असलेलं दुकान आठवलं, आणि तीनदा मोडलेलं स्टूल आठवलं. प्रत्येक वेळी ती किती शहाणपणानं वागली होती! तिला एकदम स्वतःचा भयंकर राग आला.

"ओतली बादली," ती म्हणाली आणि बटणं लोटून दिली. "दाखव."

दादानं पानं उलटली. एक्का आणि गुलाम. राजा नाही, राणी नाही, काही नाही.

"दादा!" धाकटी किंचाळलीच. "तू? तू खोटं खेळलास? तू?"

"थांबा, अजून एक पान आहे," बाबा म्हणाले. आणि खरंच होतं. शेवटच्या पानात एक्का आला, गुलाम आला किंवा दश्शी येऊन सलग पाच पानांची ओळ लागली, तर अजूनही दादाच जिंकणार होता. बाबांचा हात जोडावर थांबला होता. मधलीनं डोळे मिटले.

"पंजी!" धाकटी ओरडली. "पंजी, पंजी! मधले, जिंकलीस गं!"

मधलीनं डोळे उघडले. पहिलं दिसलं ते दादाचं तोंड. तो हसायला बघत होता आणि ते त्याला जमत नव्हतं.

"नव्वी?" बाबा तिची पानं उचलून गरजले. "राजा उघडलाय, राणी उघडलीय, आणि तू नव्वी धरून बसलीस? काय शिकवलं होतं मी?"

"बाबा, हात मागे घेऊन घेऊन माझी पन्नाशी आली," मधली म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं. हसूही फुटलं.

दादा चष्मा पुसत म्हणाला, "मला ते माझ्याकडे हवे होते गं. दुसरं काही नाही. लहानपणी खुर्ची जिंकली तेवढीच, नंतर तुम्ही दोघी त्यांच्याबरोबर बाजारात फिरायचात. मी जरा मोठा झालो तोच गॅरेजात कामाला लागलो. ते घरी आले की मी कामावर, मी घरी आलो की ते बोटीवर. म्हटलं, आता तरी." मग जरा थांबून तो म्हणाला, "जन्मात एकदा खोटं खेळलो, आणि तेही धड जमलं नाही बघ."

"जमलं असतं," बाबा म्हणाले. "नुसतं 'बघा हं' म्हणायचं होतंस."

"ते तोंडातून येईना बाबा."

बाबांनी पत्ते गोळा केले आणि जोड नीट करायला जरा जास्तच वेळ लावला.

मग मधलीनं कोपऱ्यातली चादर ओढली. बाबा निळ्या खुर्चीजवळ गेले, हात फिरवला, बसले. आणि उठले. खुर्चीच्या हातांवर न टेकता, गुडघ्यावर हात न ठेवता, सरळ उठले. ते चकित होऊन खुर्चीकडे बघायला लागले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं लबाडे! म्हणून मला त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसवत होतीस होय!"

"ह्ं," मधली म्हणाली. तोंडात खिळे नव्हते, तरी तेवढंच आलं.

जेवण त्याच टेबलावर मांडलं. निळी खुर्ची भिंतीच्या कोपऱ्यात ढकलली, तिच्या शेजारी एका स्टुलापुरती जागा राहिली. धाकटीनं ताटं घेतली. दादा हरला म्हणून जुन्या नियमानं टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला निघाला.

"दादा, कुठे चाललास? इथे बस," मधली म्हणाली आणि बाबांच्या शेजारचं स्टूल ओढलं.

"अगं, जिंकलीस तू."

"मी काय, रोज बसणारच आहे. तू रविवारी ये आणि इथं बस. सगळे रविवार तुझे. बस म्हणते ना!"

दादा बसला. एवढा टक्कल पडलेला, लोकांना गाडी शिकवणारा माणूस, स्टुलावर गुडघे जुळवून शहाण्या मुलासारखा बसला. बाबांनी स्वतःच्या ताटातला एक मोठा बटाटा उचलला, त्याच्या ताटात ठेवला आणि त्याच्या कानाशी काहीतरी सांगायला लागले. काय सांगितलं ते टेबलापलीकडे ऐकू आलं नाही. दादा मात्र मोठ्यानं हसला. मधलीनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं.